एका क्वेरीचे सतराशे चौसष्ट कोटी रस्ते

डेटाबेसकडे माहिती मागताना आपण त्याला काय हवे एवढेच सांगतो. ते कसे शोधायचे हे सांगत नाही. ‘सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातले खातेदार आणि त्यांची यंदाची पीकनोंद द्या’ ही मागणी एसक्यूएलमध्ये चार-पाच ओळींत लिहून होते. कोणते टेबल आधी उघडायचे, इंडेक्स वापरायचा की अख्खे टेबल वाचून काढायचे, दोन टेबलांतल्या ओळी एकमेकींशी कोणत्या पद्धतीने जुळवायच्या, हे सारे डेटाबेस आपले आपण ठरवतो. अशी दहा टेबले जोडायची असतील तर जोडणीचे किती प्रकार संभवतात? प्रत्येक जोडणीत डावी आणि उजवी बाजू वेगळी धरली, तर १७,६४,३२,२५,६००. कोणत्याही रस्त्याने गेले तरी उत्तर तेच येते. फरक पडतो तो वेळेत, आणि तो थोडाथोडका नसतो: एका रस्त्याने काही मिलिसेकंदांत काम होते, दुसऱ्याने काही तास लागू शकतात. डेटाबेस यांतला एकही रस्ता न चालता, बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांत, एक रस्ता निवडून मोकळा होतो.

संगणकशास्त्रातल्या अनेक थोर गोष्टींत मी या निवडीला फार वरचे स्थान देतो. क्वेरीचा वेग मोजण्याची सारी विद्याही हिच्याभोवतीच उभी राहिली आहे. डेटाबेस निवड करतो ती अंदाजावर. म्हणून एखादी क्वेरी का रेंगाळते याचा शोध घेणे म्हणजे बहुतांशी त्याचा अंदाज नेमका कुठे हुकला याचा शोध घेणे.

एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती साध्या टेबलांत ठेवावी, आणि ती मागणाऱ्याला डिस्कवरची तिची मांडणी ठाऊक असण्याची गरज नसावी, असा त्याचा गाभा होता. त्या काळी प्रोग्रामर एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची वाट स्वतःच्या हाताने लिहीत. जाणकार माणसाने आखलेल्या वाटेची बरोबरी यंत्र करू शकेल का, ही शंका रास्तच होती. तिला उत्तर मिळाले ते आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पातून. हार्वर्डमधून १९७५ साली डॉक्टरेट घेऊन तिथे आलेल्या पॅट्रिशिया सेलिंजर यांनी चार सहकाऱ्यांसह १९७९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज वापरात असलेल्या बहुतेक डेटाबेसांतल्या क्वेरी प्लॅनरचे, म्हणजे रस्ता निवडणाऱ्या भागाचे, मूळ त्या निबंधात सापडते.

त्यांची युक्ती दुहेरी होती. पहिला भाग मोजणीचा: प्रत्येक मार्गाचा खर्च म्हणजे डिस्कवरून आणावी लागणारी पाने, अधिक ओळी हाताळण्याचे काम एका ठरावीक वजनाने गुणून. दुसरा भाग शोधाचा. सगळे क्रम एकेक करून तपासायचे नाहीत. आधी प्रत्येक टेबलाची सर्वांत स्वस्त वाट काढायची, मग प्रत्येक जोडीची, मग त्रिकुटाची, आणि खालच्या पायरीवरचे उत्तर वरच्या पायरीवर पुन्हा वापरायचे. दहा टेबलांचे असे उपसंच फक्त १,०२३ होतात. कोट्यवधी वाटांचे जंगल हजारभर नोंदींच्या तक्त्यात मावते ते असे.

त्या निबंधातला एक तपशील मला विशेष भावतो. अटीत बसणाऱ्या ओळी किती असतील हे कळायला काहीच आधार नसेल, तर काय धरायचे? लेखकांनी आकडे ठरवून टाकले. ‘बरोबर’ची अट असेल तर दहातली एक ओळ, ‘पेक्षा मोठे’ची अट असेल तर तिनातली एक, आणि ‘अमुक ते तमुक यांच्या दरम्यान’ असेल तर चारांतली एक. तिनातली एक या आकड्याला फारसा अर्थ नाही, ‘बरोबर’च्या अटीपेक्षा त्यात जास्त, पण निम्म्याहून कमी ओळी बसाव्यात एवढाच हेतू आहे, असेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. ही प्रामाणिक अटकळ आजही जिवंत आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आधार नसलेल्या ‘पेक्षा मोठे’च्या अटीला अजूनही तीनास एक हेच प्रमाण लावतात.

पोस्टग्रेसचे उदाहरण पुढे नेऊ, कारण तो सर्वांना खुला आहे आणि त्याचे आतले गणित कोणालाही वाचता येते. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या १९८६ सालच्या प्रकल्पातून तो वाढला. तो माहिती आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो. टेबलातली पाने ओळीने वाचताना एका पानाचा खर्च १ धरतो आणि बाकी सगळे त्या मापात बसवतो. मध्येच कुठले तरी पान शोधून काढायचे असेल तर ४, एक ओळ हाताळायला ०.०१, एक तुलना करायला ०.००२५. हे सेकंद नव्हेत, रुपयेही नव्हेत. खर्चाची आपापसांत तुलना करण्यापुरते हे माप आहे.

यातल्या ४ या आकड्यात बरेच काही दडले आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वाट पाहावी लागते. त्याआधी डिस्कचे डोके योग्य वर्तुळावर न्यायचे ते वेगळेच. या हिशेबाने पाहिले तर ४ हा आकडा फारच सौम्य वाटतो. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत त्याचे कारण दिले आहे: मध्येच पान शोधणे ओळीने वाचण्यापेक्षा ४० पट महाग आहे, पण अशी ९० टक्के पाने आधीच मेमरीत सापडतील, असे गृहीत धरले की साधारण हा आकडा येतो. म्हणजे फिरत्या डिस्कचा स्वभाव आणि मेमरीचा भरवसा दोन्ही त्या एका अंकात मिसळले आहेत. आजच्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही, त्यामुळे तिथे हा आकडा १.१ पर्यंत खाली आणणे योग्य ठरते. अनेक ठिकाणी तो बदलायचा राहूनच जातो, आणि मग प्लॅनर विनाकारण इंडेक्स टाळतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. खातेदारांच्या टेबलात एक कोटी ओळी आहेत आणि एका पानावर शंभर मावतात असे समजा. पाने झाली एक लाख. ती ओळीने वाचायचा खर्च १,००,०००; एक कोटी ओळी हाताळायचा आणखी १,००,०००; प्रत्येक ओळीवर दोन अटी तपासायचा ५०,०००. एकूण २,५०,०००. इंडेक्समधून गेले तर खर्च किती? ते अटीत किती ओळी बसतात यावर ठरते, आणि हा आकडा क्वेरी चालण्याआधीच हवा असतो.

त्यासाठी शितावरून भाताची परीक्षा करतात. पोस्टग्रेस वेळोवेळी टेबलातून ३०,००० ओळी यदृच्छेने उचलतो. त्यांतून प्रत्येक रकान्यातली सर्वाधिक आढळणारी मूल्ये आणि उरलेल्या मूल्यांची वाटणी टिपून ठेवतो. टेबल दहा लाख ओळींचे असो की शंभर कोटींचे, नमुना तेवढाच. ऐकताना हे अपुरे वाटते, पण सुरजित चौधरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांच्या १९९८ सालच्या निबंधात याचे गणित आहे. वाटणीचे चित्र ठरावीक अचूकतेने काढायला लागणारा नमुना टेबलाच्या आकाराबरोबर वाढतो, पण अत्यंत सावकाश, लॉगरिदमच्या गतीने. त्यामुळे मोठ्या टेबलालाही तोच नमुना व्यवहारात पुरतो. हे गणित एका गोष्टीला मात्र लागू पडत नाही. रकान्यात एकूण वेगवेगळी मूल्ये किती, हे नमुन्यावरून नीट कळत नाही. मोठ्या टेबलांत तो आकडा बऱ्याचदा कमीच धरला जातो.

आता कराडकडे येऊ. महाराष्ट्रात जिल्हे ३६. तालुक्यांची वेगवेगळी नावे सोयीसाठी ३५० धरू, आणि खातेदार सगळीकडे सारखे वाटले आहेत असे मानू. कराडच्या वाट्याला एक कोटीपैकी २८,५७१ ओळी येतील. प्लॅनर काय म्हणेल? जिल्हा सातारा असण्याची शक्यता ३६ त एक, तालुका कराड असण्याची ३५० त एक. दोन्ही अटी एकदम हव्यात म्हणून दोन्हींचा गुणाकार. उत्तर आले ७९४. कराड म्हटले की सातारा आलाच, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. प्लॅनरला ते ठाऊक नसते. तो प्रत्येक रकाना दुसऱ्यापासून स्वतंत्र मानतो, आणि हे गृहीतकही सेलिंजर यांच्या निबंधापासून चालत आले आहे. अंदाज ३६ पटींनी खाली गेला.

बाकी महाराष्ट्राचा नकाशाही प्लॅनरला सरळ वागू देणारा नाही. कर्जत तालुका रायगडमध्ये आहे तसा अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. म्हणजे तालुक्याच्या नावावरून जिल्हा जवळजवळ नेहमी ठरतो, पण नेहमीच नाही. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसला असे जोडलेले रकाने सांगून ठेवता येतात. मग एका रकान्यावरून दुसरा कितपत ठरतो हे तो शून्य ते एक यांच्यामधल्या अंशात मोजतो. असे सांगून ठेवायला एक ओळ पुरते. पण ती कुठे लिहायची हे कळायला आधी चूक दिसली पाहिजे.

चूक दिसते ती ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ या आज्ञेने. नुसते ‘एक्सप्लेन’ लिहिले तर डेटाबेस फक्त बेत सांगतो. त्याला ‘अ‍ॅनलाइझ’ जोडले की तो क्वेरी खरोखर चालवतो आणि बेताच्या प्रत्येक पायरीवर दोन आकडे शेजारी ठेवतो: किती ओळी येतील असे वाटले होते, आणि प्रत्यक्षात किती आल्या. अंदाज ७९४, प्रत्यक्ष २८,५७१. मोजमापाची इतकी प्रांजळ पद्धत इतर यंत्रांत क्वचितच दिसते. आपण काय समजलो होतो आणि काय निघाले, हे यंत्र स्वतःच एका ओळीत लिहून देते.

नवखा माणूस या निकालात सगळ्यांत मोठा वेळ शोधतो. माझे ठाम मत असे की आधी ओळींचे आकडे पाहावेत, तेही सर्वांत आतल्या पायरीपासून बाहेर येत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात पहिल्यांदा जिथे मोठी तफावत पडते, दुखणे बहुधा तिथेच असते. त्यावरच्या पायऱ्यांचा वेळ हा त्याचा परिणाम असतो. आपल्या उदाहरणात टेबल इंडेक्समधून वाचायचा निर्णय कदाचित चुकला नसेलही, कारण २८,५७१ पाने चारच्या दराने आणली तरी खर्च १,१४,२८४ होतो आणि अख्खे टेबल वाचण्यापेक्षा तो कमीच आहे. घात होतो तो पुढच्या जोडणीत. ७९४ च ओळी आहेत असे समजून प्लॅनरने ‘नेस्टेड लूप’ निवडलेला असतो, म्हणजे प्रत्येक खातेदारासाठी पीकनोंदीच्या टेबलात पुन्हा पुन्हा शोध. तो शोध आता २८,५७१ वेळा होतो. खरा आकडा माहीत असता तर प्लॅनरने कदाचित एका बाजूच्या ओळींचे हॅश टेबल मेमरीत उभारून दुसरी बाजू एकदाच वाचून काढली असती.

याच जागी वाचणारा फसतोही. आतल्या पायरीसमोर ०.०२ मिलिसेकंद असे लिहिलेले दिसते आणि नजर पुढे सरकते. तो आकडा एका फेरीची सरासरी असतो. शेजारी ‘लूप्स’ या नावाखाली फेऱ्यांची संख्या दिलेली असते. ०.०२ ला २८,५७१ ने गुणले की ५७१ मिलिसेकंद निघतात, अर्ध्या सेकंदाहून जास्त.

मोजण्यालाही खर्च असतो. प्रत्येक पायरीवर, प्रत्येक ओळीसाठी, डेटाबेस घड्याळ पाहतो. काही यंत्रांवर घड्याळ वाचणेच मंद असते, आणि मग मोजमापाखाली चाललेली क्वेरी एरवीपेक्षा कितीतरी हळू भासते. त्यासाठी पायऱ्यांची वेळ न नोंदता फक्त ओळी मोजण्याची सोय आहे, आणि यंत्राचे घड्याळ किती मंद आहे हे तपासणारे छोटे साधनही पोस्टग्रेससोबत येते. उलट दिशेचीही एक त्रुटी आहे: उत्तर नेटवर्कवरून मागणाऱ्यापर्यंत पोचवायला लागणारा वेळ या मोजणीत येत नाही. आणि क्वेरी खरोखर चालते हे विसरू नये. ओळी बदलणारी किंवा पुसणारी आज्ञा अशी तपासायची असेल तर ती ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करावी लागते.

वेळेपेक्षा पानांची मोजणी मला जास्त भरवशाची वाटते. तीच क्वेरी सकाळी तीन सेकंद आणि लगेच दुसऱ्यांदा पाव सेकंद घेते, कारण मधल्या काळात पाने मेमरीत आलेली असतात. ‘बफर्स’ हा पर्याय जोडला की किती पाने डेटाबेसच्या मेमरीत सापडली आणि किती बाहेरून आणावी लागली हे कळते. या दोन्हींची बेरीज यंत्र बदलले किंवा गर्दी वाढली म्हणून सहसा हलत नाही. सुधारणा खरी आहे की पाने गरम असल्याचा भास आहे, याचा निवाडा ती बेरीज करते.

अर्थात कोणती क्वेरी तपासायची हे आधी ठरले पाहिजे. ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे पोस्टग्रेसचे जोडसाधन सारख्या घडणीच्या क्वेरी एकत्र धरून त्यांचा एकूण वेळ आणि फेऱ्या जमा करत राहते. पाच सेकंदांची क्वेरी दिवसातून दहा वेळा चालली तर पन्नास सेकंद गेले. दोन मिलिसेकंदांची क्वेरी दहा लाख वेळा चालली तर तेहतीस मिनिटे. तक्रार पहिलीची येते. यंत्र दुसरीखाली दबलेले असते.

अंदाज किती हुकतात याचा मोठा पडताळा २०१५ साली व्हिक्टर लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी आयएमडीबीवरची चित्रपटांची खरी माहिती घेतली, २१ टेबले आणि ११३ क्वेरी. कारखान्यात बनवल्यासारखी सम वाटणी असलेली माहिती त्यांनी टाळली, कारण खऱ्या माहितीत गोष्टी एकमेकींना धरून असतात: चित्रपट मराठी असेल तर त्यातले नटही बहुधा मराठीच. पोस्टग्रेसमध्ये एकच जोडणी असताना १६ टक्के अंदाज दहा पटींनी किंवा त्याहून अधिक चुकले. दोन जोडण्यांना ३२ टक्के, तीन जोडण्यांना ५२ टक्के. चूक बहुधा कमी धरण्याकडे झुकलेली होती, आपल्या कराडच्या हिशेबासारखीच. खर्चाचे सूत्र कितीही सुधारले तरी फारसा लाभ होत नाही, ओळींचा अंदाज सुधारला तरच होतो, हाही त्यांचा निष्कर्ष.

त्या निबंधात तीन व्यावसायिक डेटाबेसही आहेत, पण नुसत्या ए, बी, सी या अक्षरांनी. या मौनामागे जुना इतिहास आहे. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डिविट आणि सहकाऱ्यांनी अनेक डेटाबेसांचा वेग मोजून नावानिशी छापला. त्यात ओरॅकलची कामगिरी चांगली आली नाही, आणि त्यानंतर परवानगीशिवाय मोजमापे प्रसिद्ध करू नयेत अशी अट परवान्यांत आली. तिला आजही ‘डिविट क्लॉज’ म्हणतात. ज्या क्षेत्रात अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवणे हेच सारे आहे, तिथे प्रत्यक्षावर पडदा टाकणारी ही अट मला अन्यायकारक वाटते.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांनी हा प्रश्न डोळ्यांना दिसेल असा केला. एका क्वेरीतल्या दोन अटी घ्यायच्या, प्रत्येकीत बसणाऱ्या ओळींचे प्रमाण शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत बदलत न्यायचे, आणि प्रत्येक ठिकाणी प्लॅनरने निवडलेल्या प्लॅनला एक रंग द्यायचा. २००५ साली नवीन रेड्डी यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या या चित्रांत सलग मोठी मैदाने असतील अशी अपेक्षा होती. दिसले ते पट्टे, बेटे, ठिपके आणि चिरफाळलेल्या सीमा. घनवादी चित्रांशी असलेल्या या साधर्म्यावरून साधनाचे नाव पडले पिकासो. डझनावारी प्लॅन, पण बरेचसे चिमूटभर जागेचे धनी. पुढे २००७ साली त्यांच्याच गटाने दाखवले की कोणत्याही ठिकाणी खर्च २० टक्क्यांपर्यंत वाढू दिला, तर हे रंग दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतात. प्लॅनरची पुष्कळशी बारीक कारागिरी अनावश्यक होती.

त्यानंतर अंशुमन दत्त आणि हरित्सा यांनी २०१४ साली याहून धाडसी पाऊल उचलले: ज्या अटींचा भरवसा नाही, त्यांचा अंदाजच करायचा नाही. मोजके प्लॅन निवडून ठेवायचे आणि क्वेरीला आधी खर्चाची छोटी मर्यादा द्यायची. तेवढ्यात काम झाले नाही तर ते थांबवायचे, झालेले टाकून द्यायचे, मर्यादा दुप्पट करायची आणि त्या मर्यादेला योग्य असा पुढचा प्लॅन लावायचा. वाया गेलेले काम धरूनही हिशेब बांधलेला राहतो. समजा, सर्वोत्तम वाटेला ८ पेक्षा किंचित जास्त खर्च लागणार होता. आपण १, २, ४, ८ आणि १६ असे मिळून ३१ खर्च केले, म्हणजे चौपटीपेक्षा कमी. अनिश्चित अट एकच असेल, तर चौपटीची ही हमी नेहमी टिकते, आणि ठरावीक नियमाने चालणाऱ्या कोणत्याही पद्धतीला याहून चांगली हमी देता येत नाही, हेही त्यांनी सिद्ध केले. अटी वाढल्या की मर्यादाही वाढते. अर्धवट काम टाकून द्यावे लागत असल्यामुळे ही रीत माहिती बदलणाऱ्या आज्ञांसाठी नाही. ती मोठमोठी टेबले फक्त वाचणाऱ्या, वीस-वीस जोडण्यांच्या विश्लेषणाच्या क्वेरींसाठी आहे, जिथे जुन्या पद्धतीचा अंदाज हजार पटींनीही चुकू शकतो.